ज्या पंगतीत आई बसलीच नव्हती

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा येथे देत आहे.

त्या ४३ वर्षांच्या असून नोकरी करतात. मुलगी १५ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा आहे. पती कामावरून रात्री उशिरा परततात. गेल्या वर्षी त्यांची आई गेली. आईच्या घरी रात्रीचे जेवण सगळे एकत्रच घेत, आणि ‘आम्ही भावंडे आज जी काही आहोत, ती त्या जेवणांमुळे’ अशी त्यांची भावना आहे. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र मुलगी ताट घेऊन खोलीत जाते, मुलगा पडद्यासमोर बसून जेवतो आणि पतींचे ताट झाकून ठेवलेले असते. आई गेल्यानंतर त्यांनी ‘सगळ्यांनी एकत्रच जेवायचे’ असा नियम केला. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘तुला आजी व्हायचंय, म्हणून तू आम्हाला इथे बसवतेस.’ त्यानंतर घरात अबोला आहे. कार्यालयात त्यांना कमी जबाबदारीचे, लवकर सुटका होणारे, पण कमी पगाराचे पद मिळू शकते आणि त्यासाठी महिनाअखेरीस उत्तर द्यायचे आहे. ‘आईला जे सहज जमले ते मला जमत नाही,’ असे लिहून त्या विचारतात, की नोकरीत मागे यावे, नियम अधिक कडक करावा, की काळ बदलला असे समजून हा आग्रहच सोडून द्यावा?

सप्रेम नमस्कार.

आईला जाऊन वर्ष झाले, तरी पत्रात तुम्ही तिच्याविषयी ठिकठिकाणी वर्तमानकाळात लिहिले आहे. ‘आईला चालत नाही’, ‘आई म्हणते’. म्हणून नियम, नोकरी आणि वेळ यांविषयी बोलण्याआधी मला तिच्याविषयीच बोलायचे आहे. तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच बसली आहे, असे मला वाटते.

पहिल्याच परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘आम्ही सगळे रोज रात्री एकत्र जेवत होतो.’ पुढे, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात, एक वाक्य येते: ‘आम्ही जेवत असताना आई ओट्यापाशी उभी असायची, कुणाच्या ताटातले काय संपले, हे तिला पाठ फिरवलेली असतानाही कळायचे.’ आणि त्यानंतर, ‘सगळ्यांचे हात धुऊन झाले, की ती स्वतःचे ताट वाढून घ्यायची. मी तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून जवळ जाऊन बसायचे.’ ही विधाने तुमचीच आहेत आणि सगळी खरी आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवली, की दिसते ते असे, की ज्या पंगतीची उणीव तुम्हाला आज भासते आहे, त्या पंगतीत तुमची आई बसलीच नव्हती.

तिच्या आठवणीला उणेपणा यावा म्हणून मी हे म्हणत नाही. तिच्या कष्टांवाचून ती पंगत मांडलीच गेली नसती. परंतु पत्रात आईचे म्हणून जे जे बोलणे तुम्ही उतरवले आहे, ते कधीचे आहे ते पाहा. परीक्षेत नापास झाल्याचे तुम्ही तिला सांगितलेत ते ती जेवत असताना, दोघीच असताना. त्यावर ती काही बोलली नाही. स्वतःच्या ताटातला एक घास तिने तुमच्या हातावर ठेवला आणि थोड्या वेळाने ‘बाबांना मी सांगते’ एवढेच म्हणाली. मैत्रिणीशी झालेले भांडण, पुढे शिकायचे की नाही हा पेच, तिच्या स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या शाळेची हकिकत, हे सगळे त्याच वेळचे आहे. मोठ्या पंगतीतले तुम्ही नेमके काय लिहिले आहे? संपूर्ण पत्रात त्यातले एकच वाक्य आहे, आणि ते ‘ताटात टाकू नका’ हे आहे.

तेव्हा माझ्या मनात शंका येते ती अशी, की तुमच्यावर आईचा जो ठसा उमटला, तो सगळ्यांच्या एकत्र जेवणातून कमी आणि त्यानंतरच्या त्या दहा-पंधरा मिनिटांतून अधिक उमटला असावा. तसे असेल, तर तुम्ही जी मांडणी परत आणू पाहता आहात ती एक गोष्ट आहे आणि तुम्हाला जे मिळाले होते ती दुसरीच. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल. तुमच्या भावंडांना एकदा विचारून पाहा. त्यांच्या आठवणीतली आई कोणत्या वेळी आणि कुठे बसून बोलते आहे, हे तुम्ही ऐकायला हवे.

दुसरे गृहीत असे, की एकत्र जेवण हे मुलांच्या भल्याचे कारण आहे. ते चुकले की मुले हातची गेली. या भीतीला आधार नाही असे नाही, कारण एकत्र जेवणाऱ्या घरांतली किशोरवयीन मुले मनाने अधिक स्वस्थ असतात आणि व्यसनांकडे कमी वळतात, असे अनेक पाहण्यांमध्ये दिसले आहे. मात्र केली म्यूसिक आणि अ‍ॅन मायर या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो किशोरवयीन मुलांची माहिती तपासताना त्या घरांतला पैसा, आई-वडिलांपाशी असलेला वेळ आणि मुलांशी असलेले त्यांचे एकूण नाते हेही हिशेबात घेतले, तेव्हा जेवणाचा म्हणून वाटणारा प्रभाव बराच उणावला. याचा सरळ अर्थ असा, की जी घरे एकत्र जेवतात त्यांच्यापाशी बहुधा इतरही काही असते, आणि त्या सगळ्याचे श्रेय आपण एकट्या जेवणाला देऊन मोकळे होतो. ज्या घरात अबोला आहे तिथे चौघांना बळेच एका जागी बसवून तो संपत नाही. फार तर तो चौघांच्या मध्ये येऊन बसतो.

मग एकत्र जेवण्यात काहीच नाही का? आहे, आणि खूप आहे. पण ते ताटांच्या एकत्र असण्यात नसून ताटांवरून चाललेल्या बोलण्यात आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना त्यांच्या घराविषयीचे वीस प्रश्न विचारले. आई-वडील कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरातल्या कुणावर कोणता वाईट प्रसंग आला होता, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. काही कुटुंबांची जेवतानाची संभाषणेही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. ज्या मुलांना घरच्या गोष्टी अधिक ठाऊक होत्या, त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक होता आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असे त्यांना अधिक वाटत होते. नुसती उत्तरे पाठ करून हे साधत नाही, हे ड्यूक यांनी आवर्जून सांगितले आहे. त्या गोष्टी मुलांच्या कानावर पडायला कुणीतरी कुठेतरी, घाई न करता, पुन्हा पुन्हा त्यांच्यासोबत बसलेले असावे लागते. तुमच्या आईने तुम्हाला तिच्या अर्धवट शाळेची हकिकत सांगितली ती अशीच. तुमच्या मुलीला ती माहीत आहे का? आजी शिकू शकली नव्हती, तिला त्याचे काय वाटत होते आणि तिने तुम्हाला शिकवण्यासाठी कुणाशी वाद घातला, यातले काही तिच्या कानावर गेले आहे का? पत्रावरून तसे वाटत नाही. तिला आजी ठाऊक आहे ती तुम्ही केलेल्या नियमातून, आणि म्हणूनच ‘तुला आजी व्हायचंय’ हे वाक्य तिच्या तोंडी दूषण म्हणून आले.

आईचा प्रभाव ही तशी फार खोलवर जाणारी गोष्ट आहे. ज्युली मेनेला या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात ज्या आयांनी गाजराचा रस नियमित घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे पहिल्यांदा गाजराच्या चवीचा आहार समोर आला तेव्हा नापसंतीचे हावभाव कमी केले. बाळ पहिला घास घेण्याच्या कितीतरी आधी आईच्या ताटाशी त्याची ओळख झालेली असते. मला स्वतःला हे फार उशिरा आणि वेगळ्याच रीतीने कळले. एका मैत्रिणीकडे जेवताना तिने विचारले, ‘तू थांबलीस का?’ मी घास हातात घेऊन शेवटच्या माणसाचे वाढून होण्याची वाट पाहत होते. माझी आईही तशीच थांबत असे. तिने मला ते कधी शिकवले नाही, सांगितले नाही, माझ्याकडून करून घेतले नाही. सांगायचे ते एवढेच, की तुमच्या मुलांवर तुमचा प्रभाव पडायचा आहे असे समजू नका. तो पडतोच आहे. आज त्यांना जेवणाच्या वेळी जी आई दिसते, ती कशी दिसते, हा प्रश्न त्यामुळे नियमापेक्षा महत्त्वाचा ठरतो. तुमच्याच शब्दांत सांगायचे तर ती ‘कार्यालयातून आल्या आल्या ओट्यापाशी उभी’ असते, सगळ्यांचे करून ‘उरलेले उभ्या उभ्या खाते’, आणि ‘या रे बसायला’ अशी चौघांच्या वतीने एकटी हाक मारत असते.

म्हणजे ज्या जेवणाला तुम्ही मुलांना बोलावता आहात, त्याला तुम्ही स्वतःही बसत नाही. आईकडून सर्वांत आधी तुमच्याकडे आले ते हेच, आणि सोडून द्यायचेच असेल तर मी हे सोडायला सांगेन.

‘आईला सहज जमले’ हा शब्दप्रयोगही मला खटकला. सहज कुणालाच जमत नाही. ते आपल्याला सहज दिसले, कारण आपण तेव्हा ताटावर बसलेले होतो. काय करायचे हे ठरवणे, आणणे, निवडणे, शिजवणे, कुणाला काय चालत नाही हे ध्यानात ठेवणे, वाढणे, आवरणे, आणि वर सगळ्यांची मनःस्थिती सांभाळणे, एवढे काम त्या एका बाईच्या अंगावर होते. तुमच्या अंगावर तेच काम आहे आणि शिवाय दिवसभराची नोकरी आहे. तिच्याशी स्वतःची तुलना करताना एका पारड्यात इतके जास्त घालून मग तराजू झुकला म्हणून स्वतःला दोष देणे न्यायाचे नाही.

आता तुम्ही मांडलेल्या तीन वाटांकडे येते. नियम कडक करण्याविषयी मला फार लिहावेसे वाटत नाही. तो प्रयोग तुमच्या घरी झाला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे. फक्त मुलाच्या संदर्भात एक सांगते. त्याला टेबलावर बसवले की ‘संपव, संपव’ म्हणत राहावे लागते, असे तुम्ही लिहिता. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या एका अभ्यासात लहान मुलांना सूप संपवण्याचा आग्रह करण्यात आला, तेव्हा त्यांनी ते कमी घेतले आणि त्याविषयी कुरकुरही जास्त केली. आग्रह नव्हता तेव्हा तीच मुले अधिक घेत होती. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी सांगितलेली कामाची वाटणी मला अशा घरांसाठी फार उपयोगाची वाटते: काय द्यायचे, कधी आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. तुमच्या मुलाकडे पडद्यासमोर ही सत्ता आहे आणि टेबलावर नाही. तो पडद्याकडे का जातो, याचे निदान अर्धे उत्तर त्यात आहे.

आग्रह पूर्णपणे सोडून द्यावा, असेही मी म्हणणार नाही. तुम्हाला जे हवेसे वाटते ते हवेसे वाटण्याजोगेच आहे. त्याचा आकार मात्र बदलावा लागेल. रात्रीचे जेवण, चौघे, रोज आणि गरम गरम, या चारही अटी एकदम पुऱ्या करण्याचा ध्यास सोडा. तुमच्या पतींच्या वेळेमुळे आठवड्यातल्या पाच रात्री चौघे जमूच शकत नाहीत. मग त्या पाचही रात्री तुम्ही अपयशाच्या रकान्यात का मांडता? सुटीच्या दिवशीचे एक जेवण आणि आठवड्यातली एखादी सकाळ, एवढे चौघांचे म्हणून ठरवा आणि ते वीस मिनिटांचे असले तरी पुरे माना. शिजवायला वेळ नसेल त्या दिवशी आयते आणलेले चालेल, कालचे उरलेले चालेल. त्या वीस मिनिटांत पाळायची गोष्ट एकच, की सगळी भांडी मध्ये ठेवायची आणि ज्याला जे हवे ते त्याने वाढून घ्यायचे, म्हणजे उभे राहायचे काम कुणालाच उरणार नाही. पहिल्यांदा तुमचे हात शिवशिवतील, मुलाच्या हातून सांडेल, आणि तुम्हाला उठावेसे वाटेल. उठू नका. फोन दूर ठेवायचे असतील तर पहिला तुमचा आणि पतींचा ठेवा, मग मुलांना सांगा.

बाकीच्या रात्री दोघादोघांच्या असू द्या. पती उशिरा जेवतात तेव्हा कधी तुम्ही, कधी मुलाने, कधी मुलीने त्यांच्याजवळ येऊन बसावे. जेवायलाच हवे असे नाही, नुसते बसले तरी चालेल. (त्यासाठी पतींना झाकलेले ताट गुपचूप उचलून बातम्यांसमोर नेण्याची सवय सोडावी लागेल, आणि ते त्यांना तुम्हीच स्पष्ट सांगायला हवे. पत्रात तुम्ही मुलांच्या सवयींविषयी दीड पान लिहिले आहे आणि त्यांच्या सवयीविषयी एक ओळ.) त्यांच्या वाट्याला आठवड्यातल्या एका जेवणाची पूर्ण जबाबदारी द्या. पूर्ण म्हणजे काय करायचे ते ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत. ‘मदत करतो’ या शब्दावर समाधान मानू नका.

मुलीशी बोलणे ही यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. पंधराव्या वर्षी ताट घेऊन खोलीत जाणे हे बहुतेक वेळा घराला नाकारणे नसते. दिवसभर सगळ्यांच्या नजरेखाली राहिल्यावर तिला थोडा आडोसा हवा असतो. शिवाय जेवताना तिला काय विचारले जाते, हेही तपासून पाहा. गुण, अभ्यास, उद्याची परीक्षा, मैत्रिणीचे गुण. ज्या जागी रोज आपली तपासणी होते, तिथून उठून जाणारे माणूस उद्धट असतेच असे नाही. काही दिवस तिला एकही प्रश्न विचारू नका. त्याऐवजी तुमच्या दिवसातले काहीतरी सांगा, आणि शक्यतो फजितीचे किंवा चुकीचे सांगा. आज साहेबांसमोर तुमचा आवाज कापला असेल तर तेच सांगा. मुले आपल्या अडचणी अशा माणसाला सांगतात ज्याला अडचणी असतात, हे त्यांना ठाऊक असते. आणि तिच्या त्या वाक्याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही. एखाद्या रात्री ती काही खायला स्वयंपाकघरात येईल, त्या वेळी तिला सांगा, की हो, मला आजीची फार आठवण येते आणि ती मी तुमच्यावर काढली. त्यावर ती कदाचित काहीच बोलणार नाही. तुमची आईही तेव्हा काही बोलली नव्हती.

असाच प्रश्न विचारणारी इतरही पत्रे माझ्याकडे आहेत. एकट्याने मूल वाढवणारे पालक विचारतात, की आमच्या घरी दोनच माणसे आहेत, त्याला कुटुंबाचे जेवण म्हणायचे का? का म्हणू नये? दोन माणसांच्या जेवणात बोलणे टाळायला जागाच उरत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा ‘कामावर निघण्याआधीचे खाणे’ अशी प्रसंगाची वेळ ठरवावी, ती तुलनेने टिकते. आणि ज्यांच्या घरी जेवणाच्या वेळी वाद, अपमान किंवा कुणाचा तरी दारूचा आवाज असतो, त्यांनी मुलाला एकत्र जेवायला लावण्याचा अट्टहास करू नये. तिथे आधी त्या माणसाचा प्रश्न सोडवावा लागतो आणि तोवर मुलाला शांतपणे वेगळे जेवू देणे हीच त्याची काळजी घेणे असते.

राहिला नोकरीचा प्रश्न. पद बदलणे मुळात चूक आहे असे मी म्हणत नाही. तुम्ही थकल्या असाल, तुम्हालाच हे काम आता नकोसे झाले असेल, प्रवास झेपत नसेल, तर तेवढे कारण पुष्कळ आहे. परंतु पत्रात यातले एकही कारण नाही. उलट ‘हे पद मिळवायला मला अकरा वर्षे लागली’ असे तुम्ही लिहिले आहे. अकरा वर्षांची कमाई सोडून तुम्ही संध्याकाळी लवकर घरी आलात आणि मुलगी तरीही ताट घेऊन खोलीत गेली, तर त्या संध्याकाळी तुमच्या मनात काय येईल? त्या त्यागाचा भार तिच्या प्रत्येक घासावर पडेल आणि तिला तो जाणवेल. शिक्षण सुटलेल्या बाईने तुम्हाला शिकवले, त्या बाईच्या आठवणीखातर तुम्ही मागे यावे, हेही मला पटत नाही.

महिनाअखेरीला अजून तीन आठवडे आहेत. पहिले दोन आठवडे नोकरीचा विषय घरात काढू नका. सुटीच्या दिवशीचे जेवण, मध्ये ठेवलेली भांडी आणि उशिराच्या ताटाजवळ बसणे, एवढेच करून पाहा. तिसऱ्या आठवड्यात एका कोऱ्या कागदावर पद बदलण्याची कारणे लिहा आणि त्यांतली आईसाठीची, मुलांसाठीची आणि लोकांसाठीची कारणे खोडून टाका. कागदावर एखादे कारण उरले, तर ते पतींना दाखवा आणि कमी झालेल्या पगारात घर कसे चालेल, याचा हिशेब दोघांनी मिळून मांडा. काहीच उरले नाही, तर कार्यालयाला नकार कळवा, आणि तो कळवल्याचे त्या रात्री जेवताना, बसून, मुलीला सांगा.